जपानी गाडीचा भाव आणि पंधरा पावले

मी, मायाप्पा सिद्राम सलगर, वय वर्षे बहात्तर, धंदा मोटार दुरुस्ती, मूळ गाव वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, हल्ली राहणार अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कमानीसमोर, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने गॅरेजच्या जॉबकार्डांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. दारू घेतलेली नाही, कोणी धमकावलेले नाही, आणि मुलगा पुण्यात व मुलगी श्रीपुरात असल्यामुळे पाठीशी उभे राहून कोणी सांगतही नाही. बायको घरात आहे, पण ती सांगत नसते, फक्त बघते.

माझ्या बुद्धीचा दाखला डॉक्टर सयाजी देवकते यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला विचारले, शंभरातून सात गेले की किती राहतात. मी विचारले, शंभर कसले, रुपये की मेंढरे; कारण मेंढरे असतील तर गेलेली सात कुठे गेली ते आधी बघावे लागते. त्यांनी लगेच ‘पूर्ण शुद्धीत’ असे लिहून दिले. दाखल्याची फी सांगितली तेव्हा मी ‘लई हाय’ म्हणून उठलो आणि दाराकडे चालू लागलो. चौथ्या पावलाला डॉक्टरांनी हाक मारून कमी केली. हे इथे का लिहिले ते पुढे कळेल.

मी २०११ साली केलेले मृत्युपत्र, ज्यात सगळे मुलगा कुमार याला दिले होते, ते आजपासून रद्द समजावे. या नव्या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट पूनम बंडगर करतील. त्यांनी मला बजावले आहे की काय आणि कोणाला एवढेच लिहावे, मते लिहू नयेत. मी हो म्हणालो आहे.

कलम १. गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर असलेले माझे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर, भांडीकुंडी, शिलाई मशीन आणि दारातला लिंब यांसह, माझ्या पश्चात माझी पत्नी मुक्ताबाई हिला निर्वेध मालकी हक्काने मिळावे. पंचेचाळीस वर्षे तिने माझे ऑइलचे कपडे धुतले. ते निघत नाहीत हे तिला पहिल्याच महिन्यात कळले होते, तरी धुतले. तिला आणखी काय हवे असे विचारले तर म्हणाली, माझ्याआधी जाऊ नका. ते माझ्या अधिकारात नाही, म्हणून घर देतो.

कलम २. शेजारचे लेथवाले ईरप्पा यांच्याविषयी. १९९९ साली त्यांनी माझा टॉर्कचा पाना दोन तासांसाठी नेला आणि सात महिन्यांनी आणून दिला, तोही वाकडा. विचारले तर म्हणाले, वाकडाच होता. तेव्हापासून आम्ही रोज एकत्र चहा पितो, पण तो विषय मिटलेला नाही. वकीलबाईंनी सांगितले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. हे ऐकून मला फार बरे वाटले. म्हणून ईरप्पा यांना मी आग्रहाने साक्षीदार केले आहे. तो वाकडा पाना मात्र माझ्याबरोबर ठेवावा.

माझी बाकीची हत्यारे, पान्यांचे सेट, जॅक, चेन कप्पी वगैरे, कलम ७ प्रमाणे.

कलम ३. नव्या जपानी स्पोर्ट्स गाडीची किंमत जास्त आहे की नाही, याविषयी.

वकीलबाई, हे कलम मालमत्तेचे नाही हे मला माहीत आहे. पण माझ्या घरात दीड वर्षापासून याच गोष्टीवरून अबोला आहे आणि माझी गॅरेजची तीन गुंठे जागा याच प्रश्नावर अडकली आहे. तेव्हा माझा निकाल लिहून ठेवणे भाग आहे.

कुमार पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला एक नवी जपानी गाडी घ्यायची आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. गाडीला दारे दोन. मागे सीटही दोन आहेत असे म्हणतात, पण तिथे दप्तराखेरीज काही बसणार नाही. परदेशातून मागवून, सगळे कर भरून, रस्त्यावर येईपर्यंत एक कोटी अकरा लाख. गेल्या वर्षी तो आला आणि म्हणाला, आप्पा, आता रस्ता मोठा झालाय, जागेला भाव आहे, विकून टाकू, तुम्ही किती दिवस गाड्यांखाली झोपणार. मी विचारले, पैशाचे काय करणार. त्याने फोनवर गाडीचा फोटो दाखवला.

मुलाचा दोष नाही. दोष माझ्या गॅरेजमधल्या लाल गाडीचा आहे. ती गाडी १९९३ सालची, जपानीच, दोन माणसांची, बटण दाबले की बॉनेटमधून दिवे डोळ्यांसारखे वर येतात. एमआयडीसीतले टॉवेलचे कारखानदार ईश्वरप्पा शेठ जपानात टॉवेल विकायला तीन वर्षे राहिले आणि येताना ती घेऊन आले. आली तेव्हा सगळी एमआयडीसी बघायला लोटली होती. पण जपानी लोकांनी ती बनवताना आपले गतिरोधक धरले नव्हते. माझ्या गॅरेजसमोरच्या गतिरोधकावर तिचे पोट टेकायचे आणि चाके नुसती फिरायची. मग सहा यंत्रमाग कामगार येऊन शेठसकट उचलून पुढे ठेवायचे. तिसऱ्या वेळी शेठ उतरले ते थेट माझ्याकडे आले. आम्ही त्यांच्याच एक्स्पोर्टच्या टॉवेलखाली हात घातले आणि मेंढरांच्या बाजारात करतात तसा बोटांवर सौदा केला. मी पहिले बोट दाबले आणि शेठ हो म्हणाले. लगेच हो म्हणाले, त्यामुळे मी जास्त दिले असा मला आजही संशय आहे.

कुमार आणि त्याची बहीण रुपाली या गाडीत लहानाचे मोठे झाले. कुमार सीटवर बसून तोंडाने आवाज काढायचा. रुपाली गाडीखाली असायची.

तर किंमत. माझा बाप सिद्राम मेंढरे राखत असे. मी नऊ वर्षांचा असताना बाजारात त्याने मला कानाशी धरून शिकवले: “भाव ऐकला की लई हाय म्हणायचं आन पाठ फिरवायची. पंधरा पावलं मोजायची. पंधराच्या आत हाक आली तर भाव पडला. न्हाय आली तर भाव खरा हाय. मग गुमान मागं फिरायचं आन मोजून द्यायचं.” या नियमाचा पहिला अर्धा भाग मी आयुष्यभर पाळला. भाजी, बॅटरी, सोने, न्हावी, डॉक्टर, कोणालाही सोडले नाही. दुसऱ्या अर्ध्याविषयी कलम ५ पाहावे.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये कुमार मला त्या गाडीच्या पुण्यातल्या दुकानात घेऊन गेला. काळ्या कोटातला एक मुलगा मला सर, सर म्हणत होता. मी बॉनेट उघडायला लावले, खाली वाकून बघितले, कोट घालून हसणाऱ्या त्या मुलाला चार प्रश्न विचारले आणि त्याला एकाचेही उत्तर आले नाही. मग मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटे धरली. मुलगा एवढा दचकला की वॉचमन आला. कुमार हळूच म्हणाला, “आप्पा, इथे घासाघीस करत नाहीत.” मी म्हणालो, “लई हाय,” आणि चालू लागलो.

आठव्या पावलाला काचेचे दार आपोआप उघडले, म्हणून मला जरा गोंधळल्यासारखे झाले. उरलेली पावले फूटपाथवर मोजली. चौदाव्या पावलाला मागून हाक आली, “सर! सर!” मी कुमारकडे बघितले. त्या वेळी माझ्या तोंडावर जे काही होते ते त्याला आवडले नसावे. मुलगा पळत आला आणि माझा टॉवेल माझ्या हातात देऊन गेला. परतताना भिगवणपर्यंत कुमार बोलला नाही. भिगवणनंतर बोलला, ते इथे लिहिण्यासारखे नाही. तेव्हापासून अबोला आहे.

या विषयावर ईरप्पांचे मत असे, जे ते प्रत्येक चहाला सांगतात: “ज्या गाडीत दोन शेरडं बसत न्हाईत, ती फुकट दिली तरी महाग हाय.” मी त्यांच्याशी सहमत नाही, पण उत्तरही सापडलेले नाही.

आता माझा निकाल. मी शुद्धीत लिहितो की त्या गाडीच्या कामाची किंमत खरी आहे. मी बॉनेटखाली बघितले. प्रत्येक बोल्ट आवळून झाल्यावर त्यावर कोणीतरी पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारली होती. जो बोल्ट वाकूनही दिसत नाही, मी मोबाईलचा उजेड पाडून पाहिला, त्यावरसुद्धा होती. कोणी बघणार नाही तिथे एवढे काम करणाऱ्या माणसाला त्याचा दाम मिळालाच पाहिजे. अर्ध्याहून जास्त रक्कम करात आणि मधल्या लोकांत जाते, तो दोष त्या माणसाचा नाही. इंजिनाचा आवाज मात्र आतल्या स्पीकरमधून सोडतात असे कुमारने मोठ्या अभिमानाने सांगितले. त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर तेवढे जास्त आहेत. बाकी भाव बरोबर. हे मी जिवंत असेपर्यंत कुमारला सांगू नये. तो नाचेल.

कलम ४. वळसंग शिवारातली माझी स्वकष्टार्जित चार एकर जमीन, विहिरीतल्या अर्ध्या हिश्शासह, मुलगा कुमार याला मिळावी. जमीन मुरमाड आहे, पण रस्त्याला लागून आहे आणि आजच्या भावाने गाडीच्या किमतीच्या जवळपास जाते. ती ठेवावी की विकून गाडी घ्यावी हे त्याने ठरवावे, माझी हरकत नाही. अट नाही, विनंती आहे: दुकानात भाव ऐकल्यावर त्याने ‘लई हाय’ म्हणावे आणि पंधरा पावले चालावे. लाज वाटली तर मनात म्हणावे. हाक आली नाही तर मागे फिरून पैसे द्यावेत आणि गाडीत बसावे. पहिल्या दिवशी आईला घेऊन एक चक्कर मारावी. माझ्या गॅरेजसमोरून जाताना गतिरोधक लक्षात ठेवावा.

कलम ५. निळ्या रंगाचा हवेचा कॉम्प्रेसर, खरेदी जून २००४.

हे कलम लिहायला मी तीन दिवस लावले. मधे दोन गाड्यांचे क्लच उतरवले, गरज नसताना.

रुपाली दहावीला पहिल्या वर्गात पास झाली. तिला मोटारीचा डिप्लोमा करायचा होता. त्या तुकडीत मुलगी नव्हती, तरी यादीत नाव लागले. मी तिला स्कूटरवर बसवून कॉलेजात घेऊन गेलो. फीचे पैसे माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होते, पुरे होते, वर दोनशे जास्त होते. खिडकीत कारकुनाने आकडा सांगितला.

मी म्हणालो, “लई हाय.” आणि पाठ फिरवली.

का, ते मला अजून सांगता येत नाही. तोंडाला तीच सवय होती. मेंढरू, टायर, भाजी, पोरीची फी, सगळ्याला एकच शब्द. मी मोजत चाललो. रुपाली माझ्या मागे चालत होती. दहा झाली, बारा झाली. कारकुनाने मान वर केली नव्हती, मागच्या माणसाचा कागद घेतला होता. पंधरा झाली. माझ्या बापाचा नियम मला तोंडपाठ होता, पंधराला हाक नाही आली तर भाव खरा, मागे फिर आणि दे. पण रांगेत ओळखीचे दोघे गिऱ्हाईक उभे होते. मागे फिरलो असतो तर मायाप्पा हरला असे झाले असते. मी चालत राहिलो.

तेव्हा रुपाली एवढेच म्हणाली, “आप्पा, पंधरा झाली.”

मी म्हणालो, “चल.”

स्कूटरपर्यंत बेचाळीस झाली. तीसुद्धा मोजत होती हे मला कळले होते. मुक्ताबाई त्या आठवड्यात भावाच्या आजारपणासाठी माहेरी होती. कुमारची फी भरायला पुण्याला तीच गेली होती, म्हणून कुमार इंजिनियर झाला. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितले, फी लई होती. पुढच्या आठवड्यात त्याच पैशांतून हा कॉम्प्रेसर आणला. लग्न होईपर्यंत तीन वर्षे रुपालीने याच कॉम्प्रेसरने गिऱ्हाइकांच्या टायरांत हवा भरली. तिने मला कधी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

आता ती श्रीपुरात असते. जावई साखर कारखान्याच्या ऑफिसात आहेत. हंगामात उसाचे ट्रॅक्टरवाले तिच्या दारात रांग लावतात, गिअरबॉक्स उतरवून देतात आणि तिला ‘ताई’ म्हणतात. हे काम ती कुठे शिकली असे कोणी विचारले तर सांगते, वडलांकडे. हे मला जावयांनी सांगितले.

हा कॉम्प्रेसर रुपालीला मिळावा. तिने तो भंगारात घालावा अशी माझी इच्छा आहे, पण तो चांगला चालतो.

कलम ६. बँकेतली माझी मुदत ठेव रुपालीची मुलगी आरोही हिच्या शिक्षणासाठी आहे. आरोही बारावीला आहे. तिला कशात शिकायचे आहे ते तिने ठरवावे, कपडे शिवण्यात असो की रॉकेटमध्ये. फी भरायला जो कोणी जाईल त्याने आकडा ऐकून ‘बरं’ म्हणावे आणि पावती हातात पडेपर्यंत खिडकीकडे पाठ करू नये. हे कलम वकीलबाईंनी जसेच्या तसे ठेवावे, एक शब्दही कापू नये.

कलम ७. एमआयडीसीच्या कमानीसमोरची माझी स्वकष्टार्जित तीन गुंठे जागा, त्यावरील पत्र्याचे शेड, खड्डा, वीजजोड, सर्व हत्यारे आणि वर सांगितलेली १९९३ सालची लाल जपानी गाडी माझ्या पश्चात माझी मुलगी रुपाली हिला मिळावी.

अट: लाल गाडी कधीही, कोणत्याही भावाला विकू नये. दर दसऱ्याला तिची पूजा करावी आणि एक चक्कर मारावी. शेडवरची ‘मायाप्पा मोटर्स’ ही पाटी बदलू नये. पंक्चरचे गिऱ्हाईक परत पाठवू नये. (ही अट मी नंतर खोडली आहे. वाचता येईल अशी खोडली आहे. कारण कलम ८ च्या खाली.)

कलम ८. रुपालीने कलम ७ नाकारले तर जागा कुमारला जावी. कुमार ती विकेल हे मला माहीत आहे. मग तिथे गॅरेज राहणार नाही, हॉटेल नाहीतर मोबाईलचे दुकान येईल, आणि नवी जपानी गाडी वळसंगच्या जमिनीशिवायही येईल.

इथपर्यंत लिहून झाले होते. आज रविवार, सहीचा दिवस. दोन्ही साक्षीदार, म्हणजे डॉक्टर देवकते व ईरप्पा, आणि वकीलबाई गॅरेजमध्ये आल्या, मुक्ताबाईने चहा केला. कुमारला फोन केला होता. त्याने विचारले, तब्येत बरी आहे ना, एवढेच, पण फोन उचलला. रुपाली सकाळच्या एसटीने आली. आल्याआल्या चप्पल काढायच्या आधी तिने लाल गाडीचे बॉनेट उघडून ऑइल बघितले.

वकीलबाई म्हणाल्या, जिला मिळणार तिने आधी वाचले पाहिजे असे नाही. मी म्हणालो, वाचू दे. माझे म्हणणे असे होते की कलम ५ मला तोंडाने बोलता येणार नाही, तेव्हा कागदाने बोलावे. मी शेजारच्या लेथकडे बघत बसलो. तिने सगळी जॉबकार्डे वाचली, कलम ५ दोनदा वाचले, ते पानांच्या आवाजावरून कळले. कागद नीट रचून टेबलावर ठेवले आणि त्यावर स्पार्क प्लग ठेवला, उडू नयेत म्हणून.

मग म्हणाली, “लई मागताय, आप्पा. पाटी तुमची, पूजा तुमची, गाडी विकायची न्हाय. जागा देताय का राखण ठेवताय मला? द्यायचं असंल तर द्या. न्हायतर कुमारला द्या की.”

आणि पाठ फिरवून चालू लागली.

माझी मुलगी ती, तिने दुसरे काय करावे. ईरप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. वकीलबाईंना काही कळले नाही, त्या म्हणाल्या, अहो, थांबवा ना त्यांना. पण हा भाव होता, आणि या वेळी विकणारा मी होतो. एक. दोन. माझ्या अंगात सगळे आयुष्य मुरलेले आहे, आधी हाक मारतो तो हरतो. तीन. तिची पाठ दिसत होती, आणि मला कळले की माणसाची पाठ दिसते तेव्हा असे वाटते. २००४ साली मागे चालणाऱ्या पोरीला माझी पाठच दिसत होती.

चौथ्या पावलाला मी ओरडलो. समोरच्या टॉवेलच्या शेडमधले माग बंद असते तर तिथल्यांनीही ऐकले असते.

“रुपे, फी लई न्हवती! पैसं खिशात व्हते! माझं चुकलं!”

ती थांबली नाही.

पाच, सहा, सात. लाल गाडीजवळून गेली. डॉक्टर उठून नाडी बघायला माझ्याजवळ आले. मी त्यांना हाताने बसवले. दहा. अकरा. कॉम्प्रेसरजवळून जाताना तिने त्याच्यावर हात ठेवला आणि काढला. मुक्ताबाई चहाच्या स्टोव्हजवळच्या स्टुलावरून फक्त बघत होती. फाटकाशी पोचेपर्यंत चौदा झाली होती. पंधरावे पाऊल तिने रस्त्यावर टाकले, गतिरोधकाला लागून.

मग ती फिरली आणि परत आली, माझ्यासमोर उभी राहिली. डोळे पुसायची तिला घाई नव्हती. म्हणाली, “आता बोला, काय अट हाय?”

मी पेन घेतले आणि कलम ७ ची अट खोडली. दसऱ्याची पूजा तेवढी राहू दे का असे विचारले. ती म्हणाली, बघू. मी पाठ फिरवली नाही.

सबब, वरील कलमे, खोडलेल्या अटीखेरीज, माझी शेवटची इच्छा समजावी. खाडाखोडीवर माझी सही आहे. मी हे सर्व पुन्हा वाचले आणि माझ्या मनासारखे आहे.

ठिकाण: मायाप्पा मोटर्स (तूर्त), अक्कलकोट रोड, सोलापूर.
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार.

सही: मायाप्पा सिद्राम सलगर

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की मायाप्पा सिद्राम सलगर यांनी आमच्या डोळ्यांदेखत, राजीखुशीने, शुद्धीत राहून वर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: डॉ. सयाजी देवकते. सही करताना नाडी जलद होती, बुद्धी ठीक होती.

साक्षीदार २: ईरप्पा, लेथवाले. पावलं मी मोजली. पंधराच होती. पाना वाकडाच होता.